संक्रांतीच्या वाणात कोरियाचं तिखट

स्वयंपाकाची हौस असलेल्या बाईला भेट काय द्यावी, असं मला कुणी विचारलं तर मी बेधडक सांगते, कोरियाचं तिखट द्या. साडी देऊ नका. स्टीलची वाटी तर मुळीच देऊ नका, ती आधीच पुसदच्या निम्म्या घरांतून फिरून आलेली असते. गोचुजांग म्हणतात त्या तिखटाला. लाल, घट्ट, चिकट आणि आंबवलेलं, बरणीतून चमच्यानं उकरून काढावं लागतं. हे मी अनुभवावरून सांगते, आणि तो अनुभव काही सरळ वाटेनं आलेला नाही.

कोरियाची आणि माझी ओळख मोबाइलवर झाली. दुपारची भांडीकुंडी आवरली की मी हिंदीत बोलणाऱ्या कोरियन मालिका बघत पडते. नवरा हसतो. "तुले त्या बाया वेगवेगळ्या तरी दिसतेत काय?" म्हणतो. दिसतात की! त्यांच्यातली खाष्ट सासू तर मी नुसत्या चालण्यावरून ओळखते. अशाच एका मालिकेत घरातल्या सगळ्या जावा-नणंदा अंगणात बसून कोबीच्या पानांना लाल तिखट चोळत होत्या. कोपरापर्यंत हात लाल. एकीच्या डोळ्यांवर केस आले तर दुसरी मनगटानं ते मागे सारत होती. मी मोबाइल थांबवला आणि चक्क रडले. कोबीसाठी कुणी रडत नसतं, एवढं मलाही कळतं.

मला आठवलं ते आमचं तिखट. आमच्याकडे वर्षभराचं तिखट उन्हाळा लागता लागता होतं. लग्न होऊन आले तेव्हापासून ते काम मोठी जाऊ आणि मी मिळून करायचो. मोठे भासरे, म्हणजे जाऊबाईंचे मालक, पांढरकवड्याकडून मिरचीचं पोतं आणायचे, तिकडे तेलंगणातली मिरची लवकर उतरते म्हणून. मग अंगणात उन्हात मिरची पसरायची, तोंडाला पदर बांधायचा आणि देठं खुडत बसायचं. शिंका, ठसके, डोळ्यांतून पाणी, आणि त्यातच आख्ख्या भावकीची उणीदुणी. जाऊबाईंनी मला जे काही सांगितलं ते देठं खुडताना सांगितलं. माझी पोर पोटात असल्याचं मीही त्यांनाच पहिल्यांदा सांगितलं, नवऱ्याच्या आधी, मिरचीच्या ढिगापलीकडून.

मग वाटणी झाली. फार शहाणपणाची वाटणी. शेताचे दोन भाग झाले, घरात मधोमध भिंत आली, भांड्यांचे दोन ढीग केले आणि ज्याला जो हवा तो उचलला. सगळ्या भांड्यांवर सासऱ्यांचंच नाव कोरलेलं आहे, त्यामुळे कोणता डबा कुणाचा हे आजही सांगता येत नाही. आवाज म्हणून कुणाचा चढला नाही. वाटणी असावी तर अशी, असं नातेवाईक अजून सांगतात.

त्या उन्हाळ्यात भिंतीपलीकडून मिरचीचा ठसका आला आणि मी अलीकडे खोकले. जाऊबाई तिखट करत होत्या. मला बोलावणं नव्हतं. मला वाटलं, बोलावणं मोठीनं करायचं असतं. त्यांना काय वाटलं ते त्यांनाच ठाऊक. पुढच्या वर्षी तेच, त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. लग्नाकार्यात आम्ही शेजारी बसायचो, तब्येती विचारायचो, पण तिखटाचा विषय दोघीही काढत नव्हतो. भांडण झालं असतं तर चार माणसं बसवून मिटवता आलं असतं. न झालेलं भांडण कोण मिटवणार? मी गिरणीवरून तिखट आणू लागले. खायला ठीक होतं, पण ते काढताना दर वेळी माझा जीव जळायचा.

तेव्हा ती मालिका बघून मी ठरवलं. यंदा संक्रांतीला वाण लुटायचं ते कोरियाच्या तिखटाचं, आणि जाऊबाईंना द्यायची त्याची मोठी बरणी. माझी पोरगी पुण्याला नोकरी करते, तिला फोन केला. "आई, वाणाला गोचुजांग? बाया काय म्हणतील?" म्हणाली. मी म्हटलं, बाया काय म्हणायचं ते म्हणतील, तू घेऊन ये. ती आली तेव्हा पिशवीत बायांसाठी छोट्या डब्या होत्या आणि तिच्या मोठ्याईसाठी, म्हणजे जाऊबाईंसाठी, एकच काचेची मोठी बरणी.

हळदीकुंकवाला आळीतल्या सगळ्या आल्या. जाऊबाईही आल्या. मी प्रत्येक डबीला आणि त्या बरणीला हळदीकुंकवाचं बोट लावलं, तीळगूळ दिला आणि वाण हातात ठेवलं. जाऊबाईंनी बरणी उलटीसुलटी करून पाहिली.

"तीळगूळ देऊन गोड बोल म्हणते, अन् हाती तिखट देते?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. "कोरियाचं हाय, बाई. भाजीत टाकून पाहा."

"आंबलं हाय का हे?"

"आंबवलं हाय. तुम्ही नाही का कुरडईचा गहू आंबवत?"

"तो आपला हाय," जाऊबाई म्हणाल्या.

"हेबी आपलंच म्हणा. मिरची हाय, तांदूळ हाय, अन् सोयाबीन हाय याच्यात."

त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना सरकी खायला सांगते आहे. "सोयाबीन कोणी खाते काय? सोयाबीन इकाची चीज हाय."

खोटं नव्हतं ते. आमच्या दोन्ही घरांच्या शेतात इतकी वर्षं सोयाबीन आहे, पण घरच्या सोयाबीनचा एक दाणा कधी आमच्या चुलीवर शिजला नाही. पोतं भरलं की मार्केट. जाऊबाईंनी बरणी पदराखाली घेतली आणि गेल्या. मी मनात म्हटलं, काम झालं.

पुढचे काही दिवस मी भिंतीला नाक लावून होते म्हणा ना. पलीकडून वांगी भाजल्याचा वास आला, लसणाच्या फोडणीचा आला, नेहमीचे सगळे वास आले. माझ्या तिखटाचा काही येईना.

रथसप्तमीच्या आधी पलीकडच्या आळीत एका ओळखीच्या बाईकडे हळदीकुंकू होतं. तिनं ओटी भरली, तीळगूळ दिला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं वाण हातात ठेवलं. "फारेनचं आहे हो, जपून वापरा," असंही सांगितलं. घरी येऊन कागद सोडला तर माझीच बरणी! सील जसंच्या तसं. झाकणावर माझं हळदीकुंकवाचं बोट वाळून गेलेलं, आणि त्याच्या शेजारी दुसऱ्या घरांतली ताजी बोटं.

आता, वाण फिरतं हे मला काय नवीन नाही. सगळ्याच फिरवतात, मीही फिरवते. साबणाची एक गुलाबी डबी मी दिली होती, ती दोन संक्रांतींनी माझ्याकडेच आली, मी ती पुन्हा देऊन टाकली. त्याचं कुणाला वाईट वाटत नाही. पण ही बरणी नावापुरतंच वाण होती. मी तिच्यातून विचारलं होतं, बाई, पुन्हा सोबत बसायचं का? आणि जाऊबाईंनी ते न उघडताच परत पाठवलं होतं. मला संताप आला. बरणी कचऱ्यात टाकायला उचलली. मग तिच्यावरची ती बोटं पुन्हा पाहिली आणि माझं मलाच हसू आलं. चूक बरणीची नव्हती आणि जाऊबाईंचीही नव्हती. आमच्याकडे बंद वस्तू दिली की ती पुढच्या दारी जाणारच. शिजवलेली वस्तू मात्र फिरत नाही, ती खावीच लागते.

तूर ओली होती, घरात सोले होते. ओल्या तुरीच्या दाण्यांना आम्ही सोले म्हणतो, आणि त्या दिवसांत दुसरी भाजी कुणाला सुचत नाही. बरणीचं सील मी फोडलं, बोट चाटून पाहिलं. आधी गोड, मग खारट, मग कुठून तरी मागून येणारं तिखट. घाई नाही त्या तिखटाला. पहिल्या खेपेला मी सवयीनं भाजीत मीठही टाकलं, आणि नवरा जेवणभर पाणी पीत बसला. दुसऱ्या खेपेला शहाणी झाले. कांदा-लसूण तेलात परतला, आच मंद केली, कारण हे तिखट बुडाला लागतं, मग त्यात चमचाभर गोचुजांग विरघळवलं, वरून सोले आणि गरम पाणी. मीठ नाही, गूळ नाही. रश्श्यावर असा रंग आला की मी स्वतःवरच खूश झाले. ही भाजी जाऊबाईंना आवडणार, याविषयी मला तिळमात्र शंका राहिली नाही.

सासऱ्यांच्या नावाचा एक कडीचा डबा घेतला, भाजी भरली आणि पलीकडे गेले. "सोल्याची भाजी हाय. गरम हाय तवर खा," एवढंच म्हटलं. त्यांनी डबा घेतला. मी बसले नाही.

आमच्याकडे कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. जाऊबाई या बाबतीत भारी कडक. त्यांच्याकडे गेलेला डबा दुसऱ्या दिवशी चिवडा नाहीतर लाडू घेऊन परत येतो, हा आळीचा अनुभव. माझा डबा दुसऱ्या दिवशी आला नाही. आठवड्यानं आला नाही. तुरी निघाल्या, हरभरा निघाला, तरी डब्याचा पत्ता नाही.

"ठेवूनच घेतला वाटते वहिनीनं," नवरा म्हणाला.

"ठेवू द्या. नाव तं एकच हाय त्याच्यावर," मी म्हटलं. तोंडानं म्हटलं. आत धाकधूक होतीच, कशाला खोटं बोलू.

मग एक दिवस आळीतली एक बाई दारावरून जाता जाता थांबली. "तुमच्या जाऊबाई आल्या होत्या ना माझ्याकडे. तुम्ही वाणात दिलेली ती लाल डबी उघडली नसेल तर द्या म्हणाल्या. मला काय, मी देऊन टाकली." मी तिच्यासमोरच मोठ्यानं हसले. ती बिचारी गोंधळून गेली. जाऊबाईंच्या जिभेला फसवणं सोपं नाही. भाजीचा एक घास घेतला आणि त्यांनी ओळखलं असणार, आणि आपण काय देऊन बसलो हेही कळलं असणार. आता त्या वाण गोळा करत दारोदार हिंडत होत्या. माझ्याकडे मागायचं सोडून!

होळी झाली आणि उन्हं तापू लागली. एका सकाळी जाऊबाई दारात उभ्या. हातात कडीचा डबा. मी पुढे होऊन घेतला तर तो हलका लागला. कडी काढली. आत काही नव्हतं. चिमूटभर साखरसुद्धा नव्हती, घासून लख्ख केलेला रिकामा डबा.

ज्या बाईनं आयुष्यात कुणाचा डबा रिकामा पाठवला नाही, तिनं माझाच तेवढा पाठवावा? देणंघेणं संपलं, असंच मला वाटलं. पण गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही.

"बाई, रिकामाच आणला?"

त्या सरळ आत आल्या. माझ्या ओट्यावरची गिरणीच्या तिखटाची बरणी उघडली, हुंगली आणि नाक मुरडून झाकली.

"मिरचीचं पोतं येऊन पडलं हाय अंगणात," म्हणाल्या. "मी एकटीनं देठं खुडू काय? माह्ये हात गेले आता. इतके उन्हाळे झाले, तू येतच नाही. काहून नाही आली?"

"तुम्ही बोलावलं कुठी?"

"घरच्या माणसाले बोलावणं लागते काय वं?"

डबा तसाच उघडा माझ्या हातात होता. जाऊबाई दारापर्यंत गेल्या आणि वळून म्हणाल्या, "अन् ते लाल तिखट घेऊन ये. बायांच्या डब्या खरवडून संपल्या. दुपारच्याले भाजी टाकू."

"थांबा, याच्यात काही तरी भरून देते," मी म्हटलं.

"कायले?" जाऊबाई म्हणाल्या. "घरातल्या घरात कोणी डबा भरून देते काय?"

मी डबा ओट्यावर ठेवला, तोंडाला पदर बांधला आणि त्यांच्या मागोमाग निघाले.