वांगं तेल पितं

माझा थोरला भाऊ बस चालवतो. डेपोत त्याला सगळे ‘सावकाश’ म्हणतात आणि त्याला त्याचं काही वाटत नाही. बसमध्ये म्हातारं माणूस चढलं की ते जागेवर नीट टेकेपर्यंत आरशात बघत राहायचं आणि मगच गिअर टाकायचा, ही त्याची जुनी खोड. एकदा मागून कुणीतरी ओरडलं, “अहो, आज निघायचंय की उद्या?” दादा मान न वळवता म्हणाला, “बसू द्या की त्यांना. तुमची आईच आहे असं समजा.” ओरडणारा म्हणाला, “समजायचं काय त्यात, आईच आहे माझी!” सगळी बस हसली. म्हातारी सगळ्यात जास्त.

दुसरी खोड म्हणजे तेल बघण्याची. सकाळी गाडी सुरू करण्याआधी इंजिनातली पट्टी बाहेर काढायची, फडक्यानं पुसायची, पुन्हा बुडवायची आणि तेल कुठवर आहे ते बघायचं. मेकॅनिकनं बघितलेलं असलं तरी. “त्यानं बघितलं ते त्याचं. माणसं माझ्या गाडीत बसतात,” हे ठरलेलं उत्तर.

असल्या माणसाला वर्षाच्या तपासणीत डॉक्टरांनी गाडीवरून खाली उतरवलं. साखर वाढली होती, रक्तातली चरबी वाढली होती आणि पोट तर स्टेअरिंगला टेकायला लागलं होतं. गोळ्या सुरू झाल्या. डेपोनं सांगितलं, सध्या चौकशीच्या खिडकीत बसा. पुढच्या तपासणीत सुधारणा दिसली तर गाडी, नाहीतर खिडकी कायमची.

दादा खिडकीत बसायला लागला. दिवसभर लोकांना गाड्यांच्या वेळा सांगायच्या आणि समोरून एकेक गाडी दुसऱ्याच्या हातात जाताना बघायची. मी दादा-वहिनीच्या वरच्या मजल्यावर राहते. पूर्वी संध्याकाळी त्याच्या हसण्याचा आवाज जिन्यातून वर यायचा, तो बंद झाला. देवापाशी मागायला माझ्याकडे एरवी मोठी यादी असते. त्या दिवसांत मी एवढंच म्हणायचे, “देवा, ह्याला परत गाडीवर बसव.”

आहार समजून घ्यायला आम्ही तिघं डॉक्टरांकडे गेलो होतो. डॉक्टरीणबाई मोकळ्या स्वभावाच्या. त्यांनी दादाला विचारलं, “भाज्यांमधली मनापासून कुठली आवडते?”

दादा लाजत म्हणाला, “वांगं.”

“मग अडचण काय? झकास भाजी आहे. पाणी भरपूर, चोथा भरपूर आणि वजन वाढवणारं त्यात फारसं काही नाही. पोट भरतं, लवकर भूक लागत नाही, साखर एकदम उसळी मारत नाही. सालीसकट खा, त्या जांभळ्या रंगातही शरीराला उपयोगी द्रव्यं असतात. तेल मात्र कमी. आणि गोळी चुकवायची नाही. वांगं भाजी आहे, औषध नाही.”

वहिनीनं हे सगळं मनावर घेतलं. बाजारात ती एकेक वांगं उचलून बघायची. देठ हिरवा आहे का, साल घट्ट आणि चकचकीत आहे का. भाजीवाली एकदा म्हणाली, “बाई, सून निवडताय का भाजी?” वहिनी म्हणाली, “सून चुकली तर सांभाळून घेता येईल.”

तेलाचंही तिनं कडक धोरण ठेवलं. डाळीच्या फोडणीत नावाला तेल, तळलेलं खाणं बंद. दादाला मात्र खमंग आवडतं, म्हणून ती वांग्याच्या गोल चकत्या कढईत परतून द्यायची. कोरड्या, खरपूस. “बघा वन्सं,” ती मला ताटली दाखवायची, “तेलाचा डागसुद्धा नाही!” आणि खरंच नसायचा. दादा मन लावून ढीगभर चकत्या खायचा.

मधेच एकदा रक्त तपासून घेतलं. चरबी तिथल्या तिथेच आणि वजन उलट थोडं वाढलेलं.

वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. “अहो, तुम्ही बाहेर काही खाता का?”

“पाण्याशिवाय काही नाही, तुझी शपथ.”

“माझी कशाला? स्वतःची घ्या ना!”

त्या रविवारी दादा पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात शिरला. मी तिथेच कोथिंबीर निवडत बसले होते. वहिनीनं कढईत तेल घातलं, चकत्या टाकल्या. थोड्याच वेळात तेल दिसेनासं झालं. चकत्या चिकटायला लागल्या म्हणून तिनं आणखी थोडं घातलं. तेही गेलं. मग आणखी थोडं.

दादाच्या हातातला पेला हातातच राहिला. “अगं, तेल जातंय कुठं?”

“जाईल कुठं? आटतंय.”

“पाणी आटतं. तेल असं आटत नाही.” त्यानं तेलाची बाटली उचलली आणि आतल्या तेलाच्या रेघेवर बाहेरून चिकटपट्टीचा तुकडा लावला. “आता कर पुढचा घाणा.”

घाणा झाला. बाटलीतलं तेल चिकटपट्टीच्या पार खाली गेलेलं आणि कढईचा तळ मात्र कोरडा.

दादा म्हणाला, “गाडीखाली डाग पडला नाही म्हणून इंजिन तेल पीत नाही, असं कधी असतं का? पट्टी काढून बघावं लागतं. आपण नुसती जमीन बघत बसलो.”

वहिनीनं एक चकती दोन बोटांत धरून दाबली. तेल टपटप गळलं. “अगं बया! मी ह्यांच्या तोंडचं तेल काढून तुला पाजलं होय!”

आणि तिला जे हसू फुटलं, ते आवरेना. दादाही हसायला लागला. त्याचं ते जिन्यातून वर येणारं हसणं मी किती दिवसांनी ऐकलं. मी मनातल्या मनात हात जोडले.

त्या दिवसापासून कढई वर ठेवली गेली. रंगाच्या दुकानातून दादानं नवा कोरा ब्रश आणला. चकत्यांना ब्रशनं तेलाचा नुसता हात फिरवायचा, तव्यावर ठेवायच्या आणि वर पाणी घातलेलं झाकण. वाफेवर वांगं लोण्यासारखं मऊ व्हायचं, मग झाकण काढून जरा खरपूस करायचं. कधी सालीसकट फोडी डाळीत शिजवायच्या. ब्रशचं काम दादानं स्वतःकडे घेतलं. वहिनी म्हणायची, “घर रंगवा म्हटलं तर वेळ नसतो, वांगी बघा कशी रंगवतायत!” खिडकीतलं काम संपलं की तो आता घरी चालतच यायला लागला. पट्टा एकेक भोक आत सरकला.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी कागद बघितले आणि मान डोलावली. “हं, आता चालवा गाडी. पण हे सोडायचं नाही. मी तेल कमी म्हटलं होतं, ऐकलंत ते बरं केलंत.”

“ऐकलं तेव्हाच होतं हो,” वहिनी म्हणाली. “वांग्यानं ऐकलं नव्हतं.”

पहिल्या दिवशी मी आणि वहिनी मुद्दाम त्याच्या बसमध्ये जाऊन बसलो. दादानं पट्टी काढली, पुसली, बुडवली, बघितली. मग सीटवर बसला. पोट आणि स्टेअरिंग यांच्यामध्ये आता वीतभर जागा होती. आमच्याकडे बघून त्यानं त्या जागेत हात घालून दाखवला. डबा पायाशी होता. त्यात काय होतं ते सांगायला नकोच.

दारातून काठी टेकत एक आजोबा चढले. दादाची नजर आरशात गेली. आजोबा एक जागा बघतात, दुसरी बघतात, काठी कुठं ठेवू म्हणतात.

शेवटी वहिनीच मागून ओरडली, “अहो, आज निघायचंय की उद्या?”

दादानं मान वळवली नाही. “बसू द्या की त्यांना,” तो म्हणाला.