जर्मनची गाडी

माझी अक्कल एकदा कुठे चरायला गेली होती ते ऐकाच! चहा गार झाला तरी चालेल.

करडीच्या एका काकूंना गाडी विकायची होती. काका वर्षापूर्वी गेले, घरात चालवणारं कुणी नाही. मी फोन केला तर म्हणाल्या, "गुरुजी, गाडीचं समोरचं झाकण जर्मनचं हाये जी! हलकं, अन् कधी जंग नाही लागत."

जर्मनचं! मी हवेतच! शाळेत सांगितलं, बायकोला सांगितलं. तिने लगेच लाखांदूरला माहेरी कळवलं. तिकडून मेव्हण्याचा फोन, "भाऊजी, चुंबक घेऊन जा. चिकटलं त लोखंडी पत्रा. नाही चिकटलं त पुट्टी भरली, गाडी ठोकेल हाये समजा."

गेलो करडीला. बघतो तर गाडी साधी देशीच. म्हटलं, पत्रा जर्मनीहून मागवला असेल! दाराला चुंबक लावलं, टक्क! छपराला, टक्क! समोरच्या झाकणावर, म्हणजे बॉनेटवर ठेवलं, तर ते घसरून थेट माझ्या चपलेवर. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं!

मग काय, माझ्या अंगातच आलं.

"काकू, हे त सारी पुट्टी हाये! काकाजीनं गाडी ठोकली, अन् तुमी मले जर्मन गाडी सांगून राहिल्या?"

काकूंचा चेहरा उतरला.

"माह्या मानसानं गाडीले कधी एक खरोच येऊ देल्ली नाही जी. गाडी नोका घेऊ, पन त्याईले असं नोका बोलू."

डोळ्याला पदर लावून त्या आत गेल्या. मला वाटलं, आता काठी येते! आल्या त्या भात शिजवायचा गंज घेऊन. चुंबक उचललं, गंजाला लावलं. खाली!

"हे बी पुट्टी हाये का जी? जर्मनच्या गंजात आमी रोज भात रांधतो!"

अहो, जर्मन म्हणजे अ‍ॅल्युमिनियम! माझ्या आईनेही जन्मभर तसल्याच भांड्यात भात शिजवला. त्याला चुंबक चिकटणार कसं? मी वाकून काकूंचे पायच धरले. फार लाज वाटली हो. गेलेल्या माणसावर मी त्याच्याच अंगणात खोटा आळ घेतला होता.

काकूंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. चहा पाजला. किल्ली देताना म्हणाल्या, "त्याईच्यावानी रोज पुसत जा." मी मान हलवली. गाडीत बसलो तशा खिडकीशी आल्या.

"गुरुजी, तुमी शाळेत काय शिकवता जी?"

आता काय सांगणार? विज्ञान म्हणावं तर चुंबक अजून अंगणात पडलेलं. मराठी म्हणावं तर 'जर्मन' कळलेलं नाही. आणि मी शिकवतो हे दोनच विषय!

"पीटी," मी म्हणालो.