सहा सतराची हिरवी बस

फोर्तुनाता यारांगाने एकतीस वर्षांत कुणाला खोटं मिनिट सांगितलं नव्हतं. निदान थांबा सातवर येणारे सगळे ड्रायव्हर तरी असंच मानत.

लिमाच्या त्या हमरस्त्यावर ती सकाळी पाचला स्टूल टाकून बसे. मांडीवर वही, कानामागे पेन्सिल, मनगटावर नवऱ्याचं जुनं घड्याळ. बस जवळ आली की ड्रायव्हर खिडकीतून नुसती भुवई उडवी आणि ही ओरडे, "चार! नऊ!" म्हणजे तुझ्या पुढची गाडी चार मिनिटांपूर्वी गेली, तिच्या पुढची नऊ. आकडा लहान असला तर ड्रायव्हर रमतगमत जाई, रस्त्यात माणसं साठू देई. मोठा असला तर पुढे माणसं खोळंबली आहेत हे ओळखून गाडी हाणी. जाता जाता एक नाणं तिच्या ओटीत पडे. अशा माणसांना तिथे दातेरो म्हणतात. फोर्तुनाता त्यांच्यातली सगळ्यात जुनी.

रेन्सो बालारेसो तिच्याकडे आला तो या वह्यांसाठीच. तरुण इंजिनिअर, काटकुळा, दर पाच मिनिटांनी चष्मा पुसणारा. शहर कसं हलतं याचा नकाशा करायचं काम त्याच्या कंपनीला मिळालं होतं. लोकांच्या खिशातले मोबाइल कुठून कुठे सरकतात याचे लाखो ठिपके त्याच्या संगणकात होते. पण कुठला ठिपका कुठल्या बसमध्ये बसला आहे ते कळायला मार्ग नव्हता, कारण या बसना ना कार्ड, ना यंत्र, ना वेळापत्रक. वेळापत्रक होतं ते फोर्तुनाताच्या पेन्सिलीत.

तीन महिने तो तिच्या शेजारी उकिडवा बसला. तिला "मावशी" म्हणू लागला. तीही आपल्या डब्यातला एक उकडलेला बटाटा रोज त्याच्यासाठी बाजूला ठेवू लागली, वर मिरचीची चटणी.

"नकाशाच्या खाली तुमचं नाव घालतो, मावशी," तो म्हणाला. "आणि वह्या महिन्याभरात परत."

अकरा वह्या घेऊन तो गेला. मग त्याचा फोन लागेना.

सात महिन्यांनी नगर कार्यालयाच्या काचेत नकाशा लागला. फोर्तुनाता मुद्दाम धुतलेलं झंपर घालून बघायला गेली. खाली सात साहेबांची नावं होती, तिचं नव्हतं. आणि वर, हमरस्त्यावर, थांबा सातही नव्हता. तिथे यापुढे बस थांबणार नव्हती. चार चौक पुढे एक मोठा नवा थांबा होणार होता. का, तर तिथे हिरव्या रेषेतली बस येऊन मिळते, आणि त्या बसला फार गर्दी असते.

फोर्तुनाताने हिरव्या रेषेवर बोट ठेवलं. बाजूला लिहिलं होतं: दर शुक्रवारी, संध्याकाळी सहा सतरा.

ती एवढ्या मोठ्याने हसली की दारावरचा रखवालदार उठून उभा राहिला.

अशी बस नव्हतीच. कधीच नव्हती. थांबा नऊवर मेल्कियादेस नावाचा आळशी दातेरो होता. फोर्तुनाता जेवायला गेली की तो काढा प्यायच्या निमित्ताने येई आणि काढेवाल्याच्या गाडीच्या खणात ठेवलेल्या तिच्या वहीतून संध्याकाळच्या नेहमीच्या वेळा उतरून नेई. त्याला पकडायला तिने चार वर्षांपूर्वी दर शुक्रवारी एक बस आपल्या मनाने लिहायला सुरुवात केली. नाव दिलं नुसतं एक अक्षर, V. वासियो, म्हणजे रिकामी. पुढच्याच शुक्रवारी मेल्कियादेस आपल्या ड्रायव्हरना त्या बसची मिनिटं सांगू लागला आणि बिचारे नसलेल्या बसच्या मागे गाड्या पळवू लागले. तिला इतकी मजा वाटली की पुढे दर शुक्रवारी ती इमानाने लिहीत राहिली. रेन्सोने मेल्कियादेसच्याही वह्या नेल्या असणार. दोन वह्यांत एकच बस, म्हणजे संगणकाला दोन साक्षीदार मिळाले. आणि V हे अक्षर वेर्दे या शब्दाचं, म्हणजे हिरव्या रंगाचं, असं त्या पोराने ठरवून टाकलं.

"आत्ताच जाऊन सांग त्याला," काढेवाला गाउदेन्सिओ म्हणाला. थांबा सातवर त्याची गाडी तिच्याइतकीच जुनी होती. "तीन आठवड्यांनी नकाशावर लोकांची सभा आहे, त्याआधी दुरुस्त करेल. थांबा वाचेल."

"थांबा वाचेल. आणि माझे बटाटे?"

"बटाट्यांवरून पोराला चौकात उभा करणार तू?"

"करणार. सात महिने मी वाट बघितली ना? आता त्याने तीन आठवडे बघायची. त्याला माहीत नाही एवढंच."

गाउदेन्सिओने पेला विसळला. "आणि ड्रायव्हरांचं काय करशील? फोर्तुनाता, तू वहीत खोटं लिहिलंस हे सगळ्यांसमोर बोलावं लागेल तुला. एकट्याला सांगितलंस तर तेवढं तरी झाकलं जाईल."

हातातला काढा थंड झाला तरी तिने तो प्यायला नाही. मग स्टूल उचलून आपल्या जागेवर गेली. पण तीन आठवड्यांत ती रेन्सोकडे गेली नाही ती नाहीच.

सभा शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये भरली. ड्रायव्हर आले, भाजीवाल्या आल्या, प्रार्थनामंडळाच्या बायका आल्या. रेन्सो कोट घालून पडद्यावरचा नकाशा दाखवत होता. बोलणं संपल्यावर फोर्तुनाताने हात वर केला. तिला बघून त्याने चष्मा पुसला.

"इंजिनिअरसाहेब, ही हिरवी बस कुठली हो?"

"अहो मावशी, तुमच्याच थांब्यावरून जाते की!"

"म्हातारी झाले मी. दिसत नाही धड. मोठी असते का?"

"मोठीच असणार. शुक्रवारी जवळजवळ दोनशे माणसं त्या मार्गाने सरकतात. त्यांच्या मोबाइलवरून कळतं ते."

"अगं बाई! आणि पळते का?"

"नाही ना. गर्दीमुळे फार हळू जाते. माणूस चालेल तेवढाच वेग. म्हणून तर मोठा थांबा हवा."

तेवढ्यात मागच्या रांगेतून प्रार्थनामंडळाची नोएमी उठली. "अहो साहेब, ते आम्ही! दर शुक्रवारी मंडळी प्रार्थनेला चालत जाते. गाणी म्हणत."

हॉलमध्ये हशा पिकला. रेन्सोचे कान लाल झाले. "पण बस आहे," तो म्हणाला. "दोन वेगवेगळ्या थांब्यांवर तिची नोंद आहे. चार वर्षांची."

"आहेच मुळी!" मेल्कियादेस उभा राहिला. "मी स्वतः लिहिलीये!"

फोर्तुनाता सावकाश त्याच्याकडे वळली. या क्षणाची चव तिला घाईत संपवायची नव्हती. "बरं झालं बोललास. रंग कुठला रे तिचा?"

मेल्कियादेसने पडद्याकडे पाहिलं. "हिरवा."

"ड्रायव्हर कोण?"

"ड्रायव्हर... बदलतात."

"एक नाव सांग."

"मला काय माहीत! तुझ्याच वहीत तर होती ती!"

त्याच्याच थांब्यावरचे ड्रायव्हर आता खुर्च्यांवरून उठले. "म्हणजे चार वर्षं आम्ही कुणाच्या मागे पळत होतो रे, चोरा?"

"कुणाच्याच नाही," फोर्तुनाता म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदाच जरा खाली गेला. "ती बस नाही. मी लिहिली, या पेन्सिलीने. V म्हणजे रिकामी. मेल्कियादेसला धरायला लिहिली होती. हे साहेब वह्या घेऊन गेले आणि मला विचारायला एकदाही परत आले नाहीत. आले असते तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं."

नगर कार्यालयाच्या मुख्य बाईंनी पुढ्यातल्या छापील नकाशाची घडी घातली. पुन्हा मोजणी होईपर्यंत सगळे थांबे होते तिथेच राहतील, असं त्या म्हणाल्या. लोक उठू लागले. रेन्सो भिंतीपाशी पडद्याच्या यंत्राची वायर गुंडाळत राहिला, गुंडाळून झाल्यावर पुन्हा सोडून गुंडाळत राहिला. फोर्तुनाताने हे दृश्य तीन आठवड्यांत कितीतरी वेळा मनात पाहिलं होतं. आता ते पुरं होईपर्यंत ती जागेवरून हलली नाही.

सोमवारी सकाळी पहिली बस आली. ड्रायव्हर एदिल्बेर्तो, पंचवीस वर्षांची ओळख.

"तीन! आठ!"

"खऱ्या का रिकाम्या, मावशी?" तो खिदळला आणि गाडी काढली. नाणं पडलं नाही.

पुढे कित्येक दिवस तेच चाललं. काही जण चेष्टेत म्हणत, काही जण विचारायचेच बंद झाले. ती प्रत्येकाला मिनिटं ओरडून सांगतच राहिली, विचारो न विचारो. घड्याळ दिवसातून दोनदा रेडिओशी लावून घेऊ लागली. गाउदेन्सिओने एकदाही "मी म्हटलं नव्हतं का?" असं म्हटलं नाही. एवढं भान त्याला होतं.

दोन महिन्यांनी, एका संध्याकाळी, रेन्सो आला. कोट नव्हता. ते काम आता त्याच्याकडे नव्हतं. त्याने अकरा वह्या स्टुलाशेजारी ठेवल्या.

"माझं चुकलं, मावशी."

"हो," ती म्हणाली.

त्याने वह्यांचा गठ्ठा उगाच सरळ केला. आणखी काही मिळेल असं त्याला वाटलं असावं. शेवटी विचारलं, "पुलाकडे जाणारी पुढची बस किती वेळात?"

तिने घड्याळ पाहिलं, मग वही. "आठ मिनिटं."

रेन्सोने तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. तो चेहरा अगदी शांत होता. त्याने चष्मा पुसला, किंचित हसला, आता नाही फसणार अशी मान हलवली आणि पुलाकडे चालू लागला. पुढे चढ होता, पंचवीस मिनिटांचा.

फोर्तुनाताने त्याला हाक मारली नाही.

आठव्या मिनिटाला बस आली. अर्धी रिकामी होती. चढावर बसने त्याला मागे टाकलं तेव्हा त्याने मान वर करून पाहिलं, इतक्या लांबूनही फोर्तुनाताला ते दिसलं. तिने कानामागची पेन्सिल काढली आणि वहीत वेळ लिहिली.