चौकशीताई

चौकशीताई एवढं विचारायच्या, एवढं विचारायच्या, की वाटावं ह्या रक्त तपासायला नाही, सोयरीक जुळवायला बसल्यात! मूळच्या वाईच्या, लखनौच्या मोठ्या हॉस्पिटलात रक्ताच्या डॉक्टर. मी नववीपर्यंत शिकलेली, त्यांच्यापुढं माझी बोबडीच वळायची. "घाबरायचं घरी जाऊन," त्या म्हणायच्या. "इथं फक्त बोलायचं."

बोलू काय? माझा आरू दोन वर्षांचा. जरा आपटला की अंग काळंनिळं. ओठ फुटला तर रक्त थांबायचं, आणि दुसऱ्या दिवशी परत सुरू. असं डोक्याच्या आत झालं तर लेकरू हातचं जाईल, एवढं मला कळलं होतं. आणि रिपोर्ट सगळे नॉर्मल! आमचे हे फौजेत, लांब सीमेवर. लखनौतल्या तेलीबागच्या खोलीत मी एकटी, आरूच्या मागंमागं उशी घेऊन पळायचे.

त्या दिवशी ताईंनी कॉम्प्युटरवर जर्मनीचे डॉक्टर बोलावले. अशा दुर्मिळ आजारांवर दोघं मिळून काम करायचे. मी घाईघाईनं पदर सारखा केला. "अगं, ते तुला बघायला नाही आलेत," ताई म्हणाल्या, आणि लगेच चौकशी. "सासूला काय म्हणतेस?"

"आत्या."

"म्हणायची आत्या की खरी आत्या?"

शेजारच्या भाभींना एकदा सांगितलं होतं, तर "हाय राम, बुआ का लड़का तो भाई हुआ!" म्हणून आठ दिवस हसत होत्या. तेव्हापासून तोंडाला कुलूप. इथं कुणी विचारलंही नव्हतं. इकडं अशी लग्नं करतच नाहीत ना.

"खरी," मी म्हटलं. "बापाची सख्खी बहीण."

"मग लाजतेस काय? मलापण आत्याच्याच घरी दिलीय!"

पडद्यावरच्या डॉक्टरांनी वंशावळीत माझं न् ह्यांचं अशी दोन वेगळी घराणी काढून ठेवली होती. ताईंनी इंग्रजीत दटावून ती पुसायला लावली. आजोबा एकच! एकाच घरातला दोष माझ्याकडून आणि ह्यांच्याकडून, दोन्हीकडून आरूत उतरला होता.

मग आरूचं रक्त बर्फात बसून जर्मनीला गेलं. त्याच्या बापानं अजून विमान पाहिलं नाही! कळलं की रक्त घट्ट धरून ठेवणारी एक गोष्ट आरूत नाही, आणि ती नसल्याचं साध्या तपासणीत कळत नाही. आता महिन्याला एक सुई. आरू पलंगावरून उड्या मारतो, आणि उशी मी माझ्या डोक्याखाली घेते.

ताई पुढं त्याच डॉक्टरांकडं कामाला गेल्या. निघताना माझ्या गालाला हात लावला, आणि एकसुद्धा प्रश्न विचारला नाही. तेव्हा मात्र मला रडू आलं.

दिवाळीला गावी गेले. भावाला मुलगी झालेली. आत्यानं तिला मांडीवर घेतलं न् म्हणाली, "आली बघा आमच्या आरूची नवरी!"

आत्यापुढं मी जन्मात तोंड उघडलं नव्हतं. म्हटलं, "आत्या, आधी दोघांचं रक्त तपासायचं. मग बघू."

आत्यानं बाळावरून मान वर केली. "आं? ही कुठली गं रीत?"

"लखनौची," म्हटलं.

आणि मग आतल्या खोलीत जाऊन पोटभर घाबरून घेतलं.