हळदीचे ब्लाउज

रेवदंड्यात ब्लाउज शिवणाऱ्या बाईला स्वतःची आवड असणं म्हणजे नसती पीडा. मी मुंबईत फॅशन डिझाइनचा कोर्स केला, परत आले, बाजारात दुकान थाटलं, आणि तेव्हापासून गिऱ्हाईक आत शिरतं ते मोबाइल पुढे करतच. ‘असाच पाहिजे.’ रीलमधल्या त्या मुलीच्या पाठीचा आणि समोरच्या बाईच्या पाठीचा काडीचा संबंध नसतो. पण असाच म्हणजे असाच.

त्यात हळदी. आमच्याकडे नवऱ्या मुलाच्या घरच्या सगळ्या बायका हळदीला एकसारखी साडी नेसतात. रंग एक, काठ एक, ब्लाउजही एकाच नमुन्याचे. म्हणजे माझ्या वाट्याला एकच कागदी पॅटर्न, फक्त छाती-कंबरेची मापं बदलायची. वीट येतो अक्षरशः.

गेल्या लग्नसराईत मी हट्टाला पेटले. नवऱ्या मुलाची आई ऑर्डर द्यायला आली, तेव्हा म्हटलं, ‘‘काकी, साडी सारखीच राहू दे. कापडही तेच. फक्त मागचा गळा प्रत्येकीला वेगळा देते. जिला जो शोभेल तो.’’

‘‘बरा दिसल ना?’’

‘‘लोक बघत राहतील.’’

‘‘मंग कर. पन माजा नाव जायला नको गो.’’

मी झपाटल्यासारखी कामाला लागले. काकींच्या मोठ्या जावेचे खांदे रुंद, तिला चौकोनी गळा. धाकटीची मान लांब, तिला मागून बंद गळा आणि बारीक बटणांची ओळ. नणंद मासळी विकते, दिवसभर हात वर-खाली. तिला पानाच्या आकाराचा कट, कुठेही न काचणारा. त्या एका कटापायी मी तीनदा शिवण उसवली. जेवायचं भान राहत नव्हतं. मला एवढंच हवं होतं, की गावाने या पाठी एकदा बघाव्यात आणि उद्या एखादीने तरी मोबाइल न काढता म्हणावं, तुला वाटेल तसा शिव.

हळदीचं मला आमंत्रण होतं, आणि मानाची म्हणून तीच साडीही दिली होती. मी स्वतःसाठी माझ्या मनासारखा, पाठीवर जाळी विणलेला ब्लाउज शिवला. मांडवात पोचले तर बेंजोवाले नुसतेच बसलेले आणि घरात हा कालवा!

‘‘तिला बटना, मला नाय? मी काय परकी हाय?’’ मोठी जाऊ म्हणत होती. धाकटीला वाटत होतं, आपलीच पाठ मुद्दाम झाकली. आणि नणंद डोळे पुसत होती. ‘‘मी मासली विकते म्हनून मला साधा दिला.’’

साधा! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी कुणाला काय शोभतं ते समजावायला लागले, तर काकींनी मला हाताने थांबवलं.

‘‘शोभायचा प्रश्न नाय गो. सगल्या एका घरच्या. कोनाला कमी नको, कोनाला जास्त नको, म्हनून तर सारका घेतो आमी.’’

बाई चुकीचं बोलत नव्हती, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. एकीने तरी आधी आरशात पाठ बघावी की नाही? पण तिथे आरशात कोणी बघतच नव्हतं, सगळ्या एकमेकींकडे बघत होत्या.

शेवटी काकींनीच तोड काढली. पदर पाठीवरून दोन्ही खांद्यांवर घेतला आणि पुढे आणून कंबरेला खोचला. बघता बघता सगळ्यांनी तसंच केलं. भांडण तिथल्या तिथे मिटलं. बेंजो सुरू झाला आणि मघाशी रडणारी नणंद मोठ्या जावेचा हात धरून नाचायला लागली. त्यांचा तो आनंद अगदी खरा होता. मला मात्र कुठेतरी जाऊन ओरडावंसं वाटत होतं.

फोटोच्या वेळी काकींनी मला हाक मारली. ‘‘ये गो पोरी, तू पन आमचीच.’’

मी ओळीत जाऊन उभी राहिले. सगळ्या माझ्या पाठीकडे बघत थांबल्या. मी पदर ओढला, दोन्ही खांद्यांवर घेतला आणि माझ्याच हाताने खोचला.

‘‘आता कसं,’’ फोटोवाला म्हणाला, ‘‘सगळ्या एकसारख्या.’’