चारशे तीस किलो

“साहेब, ह्यो माल एक टनाचा वाटंना मला,” महादेव म्हणाला.

महादेव आमच्या फौंड्रीत क्रेनला माल बांधायचा. कोडोलीहून रोज मोटरसायकलवर यायचा. समोर पंपाचं कास्टिंग होतं, म्हणजे साच्यात ओतलेला लोखंडी भाग. क्रेनच्या हुकाला एक टन पेलणारा पट्टा लावलेला होता. दोन टनाचा शेजारीच लटकत होता.

मी क्वालिटी इंजिनिअर. हातातली शीट बघितली. वजन : १ टन.

“शीटवर एक हाय की. उचल.”

ती शीट मीच बनवली होती. मॅनेजर म्हणाले होते, “पॉइंटच्या पुढचं काढून टाका हो, वाचताना डोळे फुटतात.” मी एक्सेलमध्ये दशांश शून्य केले. तेव्हापासून नऊशे ऐंशी किलोही ‘१’ दिसायचे आणि चौदाशे तीस किलोही ‘१’च. हे कास्टिंग चौदाशे तीसचं होतं.

ते गुडघाभर उचललं गेलं. महादेव ते फिरवायला पुढं झाला आणि पट्टा तुटला. ओरडायलाही वेळ मिळाला नाही. त्याचं डावं पाऊल खाली सापडलं.

डॉक्टरांनी ते घोट्यापासून काढलं.

चौकशीत लिहिलं गेलं, ‘पट्टा झिजलेला होता.’ ते खरंच होतं. नवा पट्टा एवढ्या जादा वजनाला तुटत नाही. मॅनेजर मला म्हणाले, “विषय मिटला. तुमच्या शीटचं कशाला काढताय?”

मी वेगळ्या कागदावर शीटचं लिहून दिलं. तो फाईलला लागला की नाही, माहीत नाही.

दवाखान्यात गेलो तेव्हा महादेवची बायको उठून बाहेर गेली. तो छताकडं बघत म्हणाला, “साहेब, खरं वजन किती हुतं?”

“चौदाशे तीस.”

“मग वरचं चारशे तीस कुणाचं हुतं?”



आता तो गेटवर बसतो, गाड्यांचे नंबर लिहितो. मला नमस्कार करतो, बोलत नाही.

नवे इंजिनिअर येतात, त्यांना मी एवढंच शिकवतो. आकडा सोपा करायला हरकत नाही, पण उचलायचं वजन नेहमी वरच्या आकड्याला न्यायचं आणि पट्ट्याची ताकद खालच्या. आणि बांधणारा माणूस ‘वाटंना’ म्हणाला, तर शीट खाली ठेवून पुन्हा वजन करायचं.