नवीन काही नको म्हणणारी शैलाताई

शैलाताई गेल्याची बातमी आली, तेव्हा मी ती खरी धरली नाही. दुकानात गिऱ्हाईक होतं, मी त्याला वायरचं बंडल सोडून दाखवत होतो आणि फोनवर आमच्या नाटकवाल्यांच्या ग्रुपचा मेसेज चमकला. 'शैला मॅडम आज सकाळी गेल्या.' खाली नाव निखिलचं. ते नाव बघितलं आणि माझा विश्वासच बसेना. या माणसाला ताईंनी सगळ्यांसमोर दोषी ठरवलेलं, तो रागानं ग्रुप सोडून गेलेला, परत आल्यावरही कुणाशी धड न बोलणारा. त्याला पुण्यात बसून ही बातमी कशी कळते? आणि मला, राजारामपुरीत त्यांच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर दुकान असणाऱ्या माणसाला, कशी कळत नाही? मी शटर अर्धं ओढलं आणि तसाच निघालो. त्यांच्या इमारतीखाली चपलांचा ढीग दिसला, तेव्हा कुठं ते खरं वाटलं.

शैलाताई चौगुले या बाईंनी काय केलं, हे नाटकवाल्यांशिवाय फारसं कुणाला ठाऊक नसेल. हौशी नाटकाचे दिवे लॅपटॉपवरून चालवायचा एक फुकट प्रोग्राम त्यांनी लिहिला. त्याचं नाव 'उजेड'. नाटकात कुठल्या क्षणी कुठला दिवा लागायचा, कुठला मंद व्हायचा, अंधार कधी करायचा, हे सगळं त्यात आधी क्रमानं भरून ठेवायचं आणि प्रयोगात एकच बटण दाबत जायचं. एक दाब, एक बदल. आमच्यासारख्या संघांना महागडं यंत्र कुठलं परवडायला? ताई कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायच्या, नाटकाचं वेड होतं, त्यातून हे झालं. मग सांगलीचे आले, निपाणीचे आले, ज्यांना कोड लिहिता येत होतं ते लिहू लागले. मला येत नाही. माझं इलेक्ट्रिकचं दुकान, आणि संघाचे दिवे मी बघतो, त्यामुळं नवीन काही झालं की ते चालवून बघायचं काम माझ्याकडं.

त्या उचगावच्या. घरची शेती, जैन कुटुंब, थोरल्या भावंडांच्या मागं उभं राहून वाढलेल्या. इथल्या कितीतरी बायकांसारख्या त्याही 'मी येतो, मी जातो' असंच बोलायच्या. आवाज मोठा. पहिल्यांदा भेटल्या तेव्हा मी मोठ्या उत्साहानं सांगितलं, की ताई, यात रंग आपोआप बदलायची सोय घाला, लई भारी दिसंल. त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

"कुणाला पायजे?"

"सगळ्यांनाच की."

"सगळे म्हणजे कोण? नाव सांग. मी त्याला फोन लावतो."

नवीन सुचवणाऱ्या प्रत्येकाला हाच प्रश्न. जुन्या तक्रारी पडल्यात त्या आधी निस्तरायच्या, मग नवीन, असा त्यांचा नेम. तो रास्त होता, पण त्यामागं त्यांचा संशयही होता. जो माणूस नवीन काही घेऊन येतो त्याला टाळ्या हव्या असतात, दुरुस्ती करणाऱ्याला कोण विचारतंय, असं त्या म्हणायच्या. आणि टाळ्या हव्या असलेल्या माणसावर त्यांचा भरवसा नसायचा. आम्ही आपसात म्हणायचो, बाईंना दुसऱ्याचं काही चांगलं बघवत नाही. मीही म्हणायचो.

अशात निखिल आला. मूळचा इकडचाच, नोकरी पुण्याला. आम्ही कुणी त्याला बघितलेलं नव्हतं. ग्रुपवर फोटोच्या जागी दिव्याचं चित्र आणि बोलणं मोजकं. पण हात काय होता त्याचा! आल्या आल्या त्यानं फोनवरून दिवे चालवायची सोय करून दिली. म्हणजे लॅपटॉपजवळ अडकून बसायला नको, विंगेत उभं राहून, प्रेक्षकांत बसून, कुठूनही बटण दाबा. सगळे खूश. मी तर सभागृहाच्या शेवटच्या रांगेत बसून तालीम चालवली. ताईंना ते पसंत पडलं नाही. त्यांनी त्याचं काम घेतलं, पण प्रत्येक ओळीवर प्रश्न विचारून त्याला बेजार केलं. मला दुकानात येऊन म्हणाल्या, "चांगल्या पगाराचा माणूस, सुट्टीच्या दिवशी आमच्यासाठी फुकट राबतोय. का? मला सांग, का?"

"तुम्ही का राबताय, ताई?"

"माझं सोड. ह्याला ते हातात पायजे. एकदा सगळं त्याच्या हातचं झालं, की आपण गेलो."

मी तेव्हा हसलो होतो, पण किडा डोक्यात शिरलाच. त्यानंतर निखिलचा प्रत्येक मेसेज मी दोनदा वाचायला लागलो.

मग मलकापूरचा प्रयोग झाला. तिथल्या संघाचे दिवे गुरव सर बघायचे, निवृत्त शिक्षक. नाटकाच्या शेवटी म्हाताऱ्या बापाचं लांबलचक भाषण, भाषणानंतर तो कोसळतो, अंधार होतो आणि मग दुसऱ्या दिवसाची सकाळ. आम्ही बघायला गेलतो, ताईही होत्या. बाप कोसळला. सभागृहात हुंदके. अंधार झाला... आणि लगेच लख्ख सकाळ झाली. मेलेला बाप गुडघ्यावर बसून चष्मा शोधत होता. आधी कुणी हसलं नाही. मग एक पोरगी हसली, आणि मग कुणाला आवरेना. त्या नटानं वर्षभर मेहनत घेतली होती. तो तसाच, गुडघ्यावर, प्रेक्षकांकडं बघत राहिला. ते तोंड मला अजून दिसतं.

एक दाब दोनदा मोजला गेला होता, हे उघड होतं. आणि दोन ठिकाणांहून दाबायची सोय कुणी आणली, हेही उघड होतं. दुसऱ्या दिवशी ताईंनी फोनची सोय काढून टाकली आणि ग्रुपवर लिहिलं, की घाईनं घातलेल्या नव्या गोष्टीनं एका संघाचं वाटोळं केलं, यापुढं या माणसाचं काम घेतलं जाणार नाही. निखिलनं विचारलं, मॅडम, हे माझ्यामुळं झालं याचा पुरावा काय? त्याला कुणी उत्तर दिलं नाही. तो निघून गेला.

तो गेला, तरी ताईंना चैन पडेना. त्यांचा स्वभावच तसा; पुराव्याशिवाय त्या भाजीही घ्यायच्या नाहीत, आणि आता स्वतःच पुराव्याशिवाय बोलून बसल्या होत्या. त्यात गुरव सरांनी प्रयोगाच्या आधीच कधीतरी तक्रार केली होती, की बटण एकदा दाबलं तरी दोन बदल होतात. ताईंनी उत्तर दिलेलं, की तुमचा हात थरथरत असेल. ते आठवल्यावर त्यांनी मला गाडी काढायला लावली. मलकापूरला त्या सभागृहात, भर दुपारी, रिकाम्या खुर्च्यांसमोर आम्ही तिघं. गुरव सरांचा तोच लॅपटॉप, फोनची सोय काढलेली. ताई म्हणाल्या, "सर, ते अख्खं भाषण वाचा. तेवढाच वेळ जाऊ दे." सरांनी भाषण वाचलं. तोवर कुणी लॅपटॉपला हात लावला नाही, तशी त्याची स्क्रीन आपोआप विझली. भाषण संपलं, सरांनी बटण दाबलं. स्क्रीन जागी झाली. अंधार झाला, आणि लगेच सकाळ.

ताईंनी निखिल यायच्या आधीचं उजेड त्यावर घातलं. पुन्हा भाषण, पुन्हा तेच. त्याच्याही आधीचं घातलं. तेच. शेवटी त्यांनी एकटीनं लिहिलेलं, अगदी पहिलं घातलं. सरांचा आवाज बसायला आला होता, तरी त्यांनी वाचलं. बटण दाबलं... अंधार, सकाळ. झोपलेली स्क्रीन जागी करणारा दाब पहिल्या दिवसापासून दोनदा मोजला जात होता. इतकी वर्षं. लांब प्रसंग कमी, म्हणून सापडला नव्हता. आम्हाला मिळालेल्या प्रत्येक नव्या सोयीच्या खाली तो तसाच बसून होता.

ताई खुर्चीवरून उठल्या. "सर, तुमचा हात थरथरत न्हाय," म्हणाल्या. गुरव सर म्हणाले, "व्हय, मला ठाऊक होतं की." एवढंच. त्यांनी चहा मागवला.

घरी पोचल्यावर ताईंनी सगळ्यांना कळवलं, की चूक माझी, पहिल्यापासूनची, निखिलची नाही. त्याला फोनही केला. मी समोर होतो, फोन स्पीकरवर. "तुझं काम चांगलं हाय, परत ये," एवढं सरळ सांगितलं. पलीकडून तो म्हणाला, "मॅडम, आता काय पाहिजे तुम्हाला?" त्याच्या आवाजात तोच संशय होता, जो इतके दिवस यांच्या आवाजात असायचा. ताईंनी फोन ठेवला आणि ओट्याकडं वळून भांडी घासायला घेतली. नंतर तो ग्रुपवर परत आला खरा, पण गप्प असायचा.

त्यानंतर ताईंनी जाहीर केलं, की आता वर्षभर नवीन काहीही घेतलं जाणार नाही. फक्त दुरुस्त्या. लोक चिडले. कुणाला चित्रं दाखवायची सोय हवी होती, कुणाला संगीत जोडायचं होतं. सांगलीच्या एकानं लिहिलं, की बाई घर रंगवायला काढतात म्हणजे विकायला काढतात. हे वाक्य आमच्यात फिरलं. म्हणजे त्या उजेड कुठल्यातरी कंपनीला विकणार. मला ते पटलं, कारण मीही काही बघितलं होतं. शनिवारी त्यांच्या घरी एक माणूस यायचा. तरणा, नीटनेटका, पाठीला लॅपटॉपची बॅग. एकदा मी नमुन्याचा दिवा द्यायला गेलो, तर ताईंनी दारातच दिवा घेतला. आत टेबलावर दोन लॅपटॉप उघडे. "पावणं कोण?" मी विचारलं. "कामाचा माणूस हाय," म्हणाल्या, आणि दार लोटलं. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी दारातून परत पाठवलं नव्हतं. कुठल्यातरी कंपनीचा असणार, असं मी ठरवून टाकलं. त्या वाळत चालल्या होत्या, हे दिसत होतं. पण मला त्यातही लपवालपवी दिसली. मी जायचं कमी केलं.

अंत्यविधीला तो शनिवारचा माणूस दाजींच्या, म्हणजे ताईंच्या यजमानांच्या, शेजारी उभा होता. मी सरळ जाऊन विचारलं, आपण कोण? तो म्हणाला, "दत्ताभाऊ, मी निखिल."

सगळं झाल्यावर आम्ही बाहेर बाकावर बसलो. ताईंनी त्याला दुसऱ्यांदा फोन केला होता, आणि त्या वेळी आजाराचं सांगितलं होतं. मग तो दर शनिवारी पुण्याहून येत राहिला. वर्षभराच्या त्या दुरुस्त्या दोघांनी बसून केल्या होत्या. ताईंच्या मागं कुणाचं त्यांच्यावाचून अडू नये, एवढ्यासाठी. मी म्हणालो, मग आम्हाला का नाही सांगितलं? आम्ही काय परके?

"मी पण विचारलं हे," निखिल म्हणाला. "त्या म्हणाल्या, कळलं की सगळे गोड बोलायला लागतील. बाई आजारी हाय म्हणून तक्रारी पाठवायचं बंद करतील. मग बिघडलेलं मला कसं कळणार?"

खरंच तसं झालं असतं.

"आणि तुझ्याकडंच का दिलं?" मी विचारलं. आवाजातला कडवटपणा मलाच ऐकू आला.

"तेही विचारलं. म्हणाल्या, तू चोर असशील म्हणून मी तुझी ओळ न् ओळ वाचली. बाकीचे माझी माणसं, त्यांचं मी वाचलंच न्हाय. आता मला फक्त तुझंच ठाऊक हाय."

हे खरं आहे का? मी बरेच दिवस त्यावर विचार केला. सांगणारा तोच, आणि जिच्या तोंडचं सांगतोय ती गेलेली. पण वाक्याची धाटणी ताईंची आहे. असं दुसऱ्या कुणाला बोलायला सुचणार नाही. उजेड आता निखिलकडं आहे. फोनची सोय त्यानं अजून परत घातलेली नाही. तो म्हणतो, तपासून झालेलं नाही. लोक आता त्याच्यावर चिडतात.

गेल्या आठवड्यात दाजींना भेटायला गेलो. दुपार कलली होती. ताईंच्या खोलीत खिडकीपाशी एका फळीवर झिरोच्या बल्बची रांग ठोकलेली, प्रत्येकाचा रंग वेगळा, शेजारी जुना लॅपटॉप. ही फळी मी कधी बघितली नव्हती. दाजी बँकेतून निवृत्त झालेले, कॉम्प्युटरचं त्यांना काही कळत नाही. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि घड्याळाकडं न बघता, सवयीनं उठून बटण दाबलं. लाल लागला. पुन्हा दाबलं, लाल विझून पिवळा लागला.

"ती स्वयंपाकाला लागायच्या आधी हे करायची," दाजी म्हणाले. "कशासाठी, ते मला ठाव न्हाय. पण एका दाबाला एकच बल्ब लागला पायजे, एवढं सांगून ठेवलंय. दोन लागले, तर निखिलला फोन कर म्हणाली."

"मग? लागले कधी दोन?"

"अजून तरी न्हाय."

ते परत मागं सरून बसले. स्क्रीन विझायची वाट बघायची असते, ते म्हणाले. आम्ही दोघं वाट बघत राहिलो. बाहेर रिक्षांचा आवाज चालू होता. लॅपटॉप हळूच काळा झाला, तसे दाजी पुढं वाकले, चष्मा नीट केला आणि कुणीतरी आपल्याला फसवणार आहे अशा नजरेनं फळीकडं बघत त्यांनी बोट बटणावर ठेवलं.